कर्जाला वेस हवी



आजच्या रविवारचा दाखला आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला राजा हिशेब घ्यायला बसतो. दहा हजार तालांतांचा देणेकरी त्याच्यापुढे उभा केला जातो. राजा त्याला माफ करतो, आणि तोच माणूस बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. वेदीवरून आज आम्ही क्षमेबद्दल बोलणार आहोतच. पण प्रभू येशूने क्षमा समजावून सांगण्यासाठी कर्जाचीच गोष्ट का निवडली, हा प्रश्न प्रवचनाच्या दहा मिनिटांत नेहमी राहून जातो. म्हणून तो या पत्रकात घेत आहोत. पत्रक मिस्सा चालू असताना न वाचता घरी नेऊन वाचावे, ही विनंती!

आधी त्या दाखल्यातला हिशेब करू. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षाला तीनशे दिवस काम मिळते असे धरले तरी दोन लाख वर्षे! आणि हा माणूस राजाच्या पाया पडून काय मागतो? माफी मागत नाही, मुदत मागतो. थोडे थांबा, सगळे फेडतो, असे त्याचे म्हणणे. तो राजाला फसवत होता असे आम्हाला वाटत नाही. आपल्या डोक्यावर नेमके किती देणे आहे, हे त्याने कधी एका कागदावर मांडूनच पाहिले नव्हते.

आपल्या धर्मग्रामात गेल्या दोन-तीन वर्षांत जी कुटुंबे कर्जाच्या अडचणीत आमच्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांना आम्ही पहिला प्रश्न विचारला तो एवढाच : एकूण देणे किती? उत्तर सहसा येत नाही. पतपेढीचा हप्ता माहीत असतो, बचतगटातून घेतलेले वेगळे, मोबाइलचा हप्ता मुलगा भरतो, कार्डाचे बिल सूनबाईंच्या नावावर, आणि मेहुण्याकडून हातउसने घेतलेले तर कर्जात धरायचेच नसते. प्रत्येकाला आपला तुकडा ठाऊक असतो, पण घराचा आकडा कुणालाच ठाऊक नसतो.

दाखल्यातली दुसरी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. राजाचा पहिला हुकूम काय होता? या माणसाला, त्याच्या बायकोला, मुलांना आणि घरातल्या सगळ्या चीजवस्तूंना विकून वसुली करा. कर्ज एकाने घेतले, पण बाजारात उभे राहण्याची पाळी सगळ्या घरावर आली. जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, हीच वेळ एका विधवेवर येते. नवरा देवभीरू, पण कर्ज मागे ठेवून गेला, आणि सावकार दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघाला. नहेम्याच्या पुस्तकात लोक शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून धान्य आणतात, आणि शेवटी पोटच्या पोरी दुसऱ्याच्या दावणीला जातात. पवित्र शास्त्रात कर्ज म्हटले की पाठोपाठ मुलांचा उल्लेख येतो, हे आम्हाला हे पत्रक लिहिताना पुन्हा जाणवले.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो. संत मत्तयच्या मूळ ग्रीक पाठात त्या ठिकाणी असलेल्या शब्दाचा सरळ अर्थ 'देणी' असा होतो. लूकच्या पाठात 'पाप' हा शब्द आहे. प्रभू बोलत होता त्या आरामाइक भाषेत तर कर्ज आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द चालतो. (सेमिनरीत शिकलेले असे काही बाहेर आले की आमच्या पाककाकी हसतात, पण इथे ते कामाचे आहे.) याचा अर्थ कर्ज काढणे हे पाप आहे, असा मात्र कुणी घेऊ नये. फेडायचेच नाही असे मनात ठेवून घेतलेले कर्ज ही चोरी आहे, यात शंका नाही. पण आजारपण, सुटलेली नोकरी, पावसाने नेलेली वाडी यांमुळे जो फेडू शकत नाही, तो पापी ठरत नाही. पापनिवेदनात लोक कर्ज सांगतात तेव्हा आम्ही हेच सांगतो. पापनिवेदनाने मन हलके होते, हप्ता हलका होत नाही. त्यासाठी वेगळे बसावे लागते.

मोशेच्या नियमशास्त्राने कर्जाला बंदी घातली नाही, त्याला वेस घातली. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण त्यावर घराची भाकरी चालते. गहाण घ्यायला गेलेल्याने देणेकऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये, बाहेर उभे राहावे, आणि काय द्यायचे ते देणेकऱ्याने स्वतः आणून द्यावे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करावे, कारण रात्री तो कशात झोपेल? दर सातव्या वर्षी देणी सोडून द्यावीत. यातला दारात थांबण्याचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. माणूस कर्जबाजारी झाला तरी त्याचा उंबरठा त्याचाच राहतो.

आपल्या महाराष्ट्राला हा विचार परका नाही. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. तो पाळला गेला नाही आणि न्यायालये सावकाराच्या बाजूची वाटू लागली, तेव्हा १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी उठले. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून त्यांनी जाळले. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. वेस मोडली की माणसे कागद जाळतात. हल्ली कागदच नसतो, सगळे मोबाइलमध्ये. म्हणून हल्ली माणसे स्वतःलाच जाळतात की काय, अशी भीती वाटते. २०१० साली आंध्र प्रदेशात लहान कर्जे देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीमुळे आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि त्या राज्याने त्याच ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला, हे आपल्यातल्या काहींना आठवत असेल.

आताचा नियम काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले निर्देश असे : ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. असे कर्ज देताना त्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. आणि घर म्हणजे कोण, हेही सांगितले आहे : पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. सही एकाची असली तरी हिशेब घराचा. दाखल्यातल्या राजाने घर एकत्र धरले ते विकण्यासाठी, या नियमाने एकत्र धरले ते वाचवण्यासाठी.

पण बंधू-भगिनींनो, ५० टक्के ही देणाऱ्यासाठी घातलेली वेस आहे. तिथपर्यंत जायला हरकत नाही, असा तिचा अर्थ आपल्या घरात लावू नये. महिन्याला २४ हजार रुपये मिळवणारे घर घ्या. निम्मे म्हणजे १२ हजार हप्त्यांत गेले. उरलेल्या १२ हजारांत भाडे सहा हजार. उरले सहा. त्यात दाणागोटा, गॅस, वीज, शाळेची रिक्षा, आईची ब्लडप्रेशरची गोळी. आठवड्याला एकदा मासळी आणणेही कठीण. आणि एक महिना आजारपणाचा आला की तो महिना कशाने भरायचा? नव्या कर्जाने. नियम काटेकोर पाळला गेला आणि घर तरी बुडाले, असे होऊ शकते. शिवाय ही मर्यादा सूक्ष्म कर्जांपुरती आहे. ज्यांचे उत्पन्न त्याहून जास्त आहे त्यांना पगाराच्या किती पट कर्ज द्यायचे, हे देणारी बँक आपल्या हिशेबाने ठरवते. तिचा हिशेब तिच्या वसुलीचा असतो, तुमच्या मुलीच्या कॉलेजचा नसतो.

आमच्या मते (हे मत म्हणूनच घ्यावे) राहत्या घराचे कर्ज धरून सगळे हप्ते उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असावेत. घराचे कर्ज नसेल तर दहाव्या भागाच्या पुढे जाताना पती-पत्नीने एकत्र बसून दोनदा विचार करावा. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणारा आधी खाली बसतो आणि मग खर्च मोजतो. हे बसणे महत्त्वाचे आहे. दुकानात उभ्या उभ्या घेतलेले कर्ज बहुधा चुकते.

चौथ्या शतकातले कैसरियाचे बिशप संत बासिल यांनी व्याजखोरांवर केलेले प्रवचन प्रसिद्ध आहे. ॲरिस्टॉटलने त्यांच्याही आधी म्हटले होते की पैशाला पिल्ले होणे निसर्गाला धरून नाही. ग्रीक भाषेत व्याजाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ अपत्य असाच होतो. बासिल हा धागा घेऊन सावकाराला झोडपतात. पण ते तिथे थांबत नाहीत. ते कर्ज घेणाऱ्याकडे वळतात आणि त्याला विचारतात की तुझ्याजवळ असेल तर कर्ज हवे कशाला, आणि नसेल तर फेडणार कशातून? भांडी विक, कपडे विक, हाताने काम कर, पण आपले स्वातंत्र्य विकू नकोस, असा त्यांचा रोख आहे. आजच्या काळात हे थोडे कठोर वाटते. घरासाठी, शिक्षणासाठी, रिक्षा किंवा टेम्पोसाठी कर्ज न काढता कोण उभा राहिला आहे? तरी सावकाराला बोल लावल्यावर घेणाऱ्यालाही दोन शब्द सुनवायचे धाडस त्यांनी केले, आणि ते आम्हालाही करावेसे वाटते.

कारण आपल्याकडचे चित्र असे आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार मार्च २०२५ अखेर देशातल्या कुटुंबांवरचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे ४१ टक्के होते. बाहेरच्या देशांच्या मानाने हा आकडा मोठा नाही. पण त्यातले निम्म्याहून अधिक कर्ज राहत्या घरासाठी घेतलेले नाही. ते पर्सनल लोन, कार्ड, गाड्या, सोने, वस्तू यांवरचे आहे. आपले आजोबा पतपेढीची पायरी चढले ते विहिरीच्या पंपासाठी, केळीच्या लागवडीसाठी, पानवेलीच्या मांडवासाठी. ते कर्ज जमिनीत जायचे आणि जमिनीतून परत यायचे. मोठ्या टीव्हीतून काय परत येते?

कार्डाचे गणित एकदा नीट पाहू. समजा ४० हजारांचे बिल आहे आणि कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. अनेक कार्डांवर दर त्याच्या आसपास असतो. महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून पाच टक्के, म्हणजे २,००० छापलेले असते. आपण ते भरतो आणि वाटते की हप्ता भरला. त्यातले १,६५२ व्याजात आणि करात गेले. ४० हजारांतून कमी झाले फक्त ३४८ रुपये! आणि बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिरातींबद्दल एवढेच सांगतो : सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात कुठेतरी लपलेले असते.

आता जामीनदारीकडे येऊ. आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याच विषयावर, कारण आपल्या गावांत सर्वांत जास्त घरे यात पोळली आहेत. पतपेढीचे कर्ज म्हटले की दोन जामीनदार लागतात. संध्याकाळी दारात कुणीतरी येतो. चुलत भाऊ, शेजारी, गायनमंडळातला सोबती. "दादा, नुसती सही पाहिजे." नुसती सही! भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही.

एका घरातली गोष्ट सांगतो. नाव, गाव, आळी विचारू नये, आणि ओळखू आले तरी बोलू नये. गृहस्थ निवृत्त झाले, आयुष्यभराची पुंजी मुदतठेवीत ठेवली. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या टेम्पोला त्यांनी सही दिली होती, ती ते विसरूनही गेले होते. टेम्पो बंद पडला, पुतण्या आखातात गेला, हप्ते थांबले. बायकोच्या ऑपरेशनसाठी ठेव मोडायला हे गेले तेव्हा कळले की ठेवीवर बोजा चढवला आहे. ऑपरेशन झाले, देवाची कृपा, पण सुनेच्या बांगड्या ठेवून. आज दोन्ही घरे एकाच बाकावर बसत नाहीत. शांतीची खूण देण्याची वेळ आली की एक घर डावीकडे बघते, दुसरे उजवीकडे. आमच्याकडून वेदीवरून ते रोज दिसते.

नीतिसूत्रांचे पुस्तक जामीन राहण्याबद्दल फार कडक आहे. फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण जाईल, असे ते बजावते. आजचे पहिले वाचन सिराक ग्रंथातून आहे. तो ग्रंथ घरी असेल तर आज आणखी एक अध्याय पुढे जाऊन एकोणतिसावा अध्याय जरूर वाचावा. शेजाऱ्याला गरजेच्या वेळी उसने द्यावे, असे तो सांगतो. मग उसने घेणाऱ्याचे चित्र काढतो : पैसे हातात पडेपर्यंत हाताचे मुके घेणारा, आणि परत करायची वेळ आली की कुरकुरणारा. हे वाचताना गावातली चार-पाच माणसे डोळ्यांपुढे उभी राहतील, तर तो मोह टाळावा! जामिनाबद्दल मात्र सिराक नीतिसूत्रांपेक्षा मऊ आहे. भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, हे तो मान्य करतो. त्याच दमात तो सांगतो की जामिनाने अनेक भरलेली घरे बसवली. तेव्हा ऐपतीप्रमाणे मदत कर, पण स्वतः पडू नकोस.

ऐपत कशी मोजायची? आम्ही विचारणाऱ्यांना असे सांगतो. जेवढी रक्कम तुम्ही त्या माणसाला उद्या देणगी म्हणून देऊन विसरून जाऊ शकता आणि घरात भांडण होणार नाही, तेवढ्याच रकमेवर सही करा. त्याहून मोठ्या रकमेला नाही म्हणा. नाही म्हणणे जमत नसेल तर फादरनी मना केले आहे, असे आमचे नाव सांगा. आमच्यावर राग धरला तर आम्ही सोसू; त्याला मिस्साला यायला आमचे दार उघडेच आहे. पण नवऱ्याने बायकोला न सांगता आणि बायकोने नवऱ्याला न सांगता सही देऊ नये. विवाहसंस्कारात सुखदुःखाची शपथ दोघांनी मिळून घेतलेली असते, आणि सहीचे दुःख दोघांच्याच वाट्याला येते.

गेल्या दोन-तीन वर्षांत कर्जे कमी होऊ लागली आहेत, असे वर्तमानपत्रांत वाचायला मिळाले. ते काही अंशी खरे आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, म्हणजे अशी कर्जे देणे बँकांना महाग झाले. पुढे पर्सनल लोनची वाढ मंदावली. सूक्ष्म कर्जांची एकूण बाकी तर मार्च २०२४ ते मार्च २०२५ या एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी घटली. अशी कर्जे देणाऱ्या संस्थांनी एका कर्जदाराला तीनपेक्षा जास्त संस्थांनी कर्ज देऊ नये, असे आपापसांत ठरवले. हे आधी का सुचले नाही, असे विचारावेसे वाटते; पण सुचले, हे चांगले झाले.

मात्र घटलेल्या आकड्यामागे दोन प्रकारची घरे आहेत. एक घर फेडून मोकळे झाले. दुसऱ्या घराला कुणी नवे कर्ज देईना, आणि जुना हप्ता नव्या कर्जातून भरायची त्याची वाट बंद झाली. कागदावर दोघांचेही कर्ज कमीच दिसते. हे दुसरे घर कुठे जाते? सोने घेऊन जाते. सोन्यावरची बँकांची कर्जे मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षभरात दुपटीहून जास्त झाली. त्यात काही भाग जुनी खाती या सदरात टाकल्याचाही आहे आणि सोन्याचा भाव चढल्याचाही. तरी पण आपल्या आयाबहिणींच्या गळ्यातले आणि हातातले सणाच्या मिस्सालाही दिसेनासे झाले आहे, हे कळायला अहवाल लागत नाही. आणि ज्या घरात सोनेही उरले नाही, ते घर जाते परवाना नसलेल्या सावकाराकडे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो. शंभरावर महिन्याला दहा रुपये घेणारा माणूस भिंतीवर परवाना लावून बसलेला आम्ही तरी पाहिला नाही.

म्हणून कर्ज नाकारले गेलेल्या माणसाकडे ख्रिस्तसभेने पाठ फिरवू नये. पंधराव्या शतकात इटलीत व्याजखोरांनी गरिबांना पिळले तेव्हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू केवळ उपदेश करून गप्प बसले नाहीत. पेरुजा शहरात १४६२ साली त्यांच्या पुढाकाराने गरिबांसाठी तारणावर अल्प दराने पैसे देणारी पेढी निघाली, आणि अशा पेढ्यांना १५१५ मध्ये लॅटरन धर्मसभेने मान्यता दिली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी सहकारी तत्त्वावर सुरू केलेले काम आज बसीन कॅथॉलिक बँक म्हणून उभे आहे. धर्मगुरूने पैशाच्या व्यवहारात पडू नये असे म्हणणारे तेव्हाही असतील. धर्मगुरूने पैसे हाताळू नयेत, हे आम्हालाही पटते; पण लोकांचे पैसे कुठे अडकले आहेत याकडे डोळेझाक करावी, हे पटत नाही.

लग्नाचा हंगाम जवळ येतो आहे. ऋण काढून सण, ही म्हण आपल्याकडे कुणी नव्याने शिकवायला नको. हॉल, बॅन्ड, केटरिंग, व्हिडिओ, आता वर उडणारा ड्रोन. वेदीपुढची शपथ दोन मिनिटांची, तिला एक पैसा लागत नाही, आणि तिच्या भोवतीच्या थाटाचा हप्ता पहिले बाळ बालवाडीत जाईपर्यंत चालतो. गावातल्या दोन-चार सुस्थितीतल्या घरांनी या वर्षी जेवणाची पाने मुद्दाम कमी ठेवली, तर बाकीच्यांना कमी करायला तोंड मिळेल. गरिबाने साधे लग्न केले तर लोक म्हणतात, ऐपत नाही. श्रीमंताने केले तर म्हणतात, विचार आहे. तेव्हा सुरुवात कुणी करायची, हे ज्याचे त्याला कळावे. तशी सुरुवात करणाऱ्यांनी आम्हाला सांगितले तर त्या लग्नाच्या मिस्साला गायनमंडळ पूर्ण हजर राहील, याची व्यवस्था आम्ही करू.

वसुलीसाठी येणाऱ्या माणसांबद्दलही सांगायला हवे. १२ ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने बँका आणि वित्त कंपन्यांना बजावले की थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, शिवीगाळ करू नये, नातेवाईक आणि मित्रांसमोर अपमान करू नये. मोशेचा दारात थांबण्याचा नियम वेगळ्या भाषेत पुन्हा आला आहे, असे आम्हाला वाटते. कुणी रात्री दारात येऊन मुलांसमोर आवाज चढवत असेल तर लाजून दार लावून घेऊ नये. तारीख, वेळ आणि फोन नंबर लिहून ठेवावा. आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे पैसे लागत नाहीत. आपल्या नावावर कुठली कर्जे दाखवली आहेत याचा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. एका ताईंना त्या अहवालात आपल्या नावावर एक कर्ज दिसले, जे नणंदेने गटातून त्यांच्या सहीवर उचलले होते. तो विषय आता घरात बसून सुटतो आहे.

येत्या सोमवारपासून, दर सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ, धर्मग्राम कार्यालयाच्या शेजारच्या खोलीत आपल्याच गावातले दोन निवृत्त बँक कर्मचारी बसतील. आपली नावे छापू नका, असे त्यांनी सांगितले आहे. ते पैसे देणार नाहीत आणि कुणाकडून घेणारही नाहीत. घराचे सगळे देणे एका कागदावर मांडायला मदत करतील, कोणते आधी फेडायचे ते सुचवतील, आणि गरज असेल तिथे बँकेला लिहायचे पत्र तयार करून देतील. तिथे बोललेले त्या खोलीबाहेर जाणार नाही. शक्यतो पती-पत्नीने दोघांनी यावे. पासबुके, कर्जाचे करार, कार्डाची बिले, मोबाइलवर आलेले मेसेज, जामिनाच्या कागदाची प्रत, जे असेल ते आणावे. कागद लावलेले नसले तरी चालतील, पिशवीत कोंबून आणले तरी चालतील. ज्यांना पुढच्या अंगणातून यायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ग्रोटोच्या बाजूचे मागचे दार त्या दोन तासांत उघडे ठेवले आहे.

आपले धर्मगुरू